बरोबरीला पुढे आलेला हात

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातला हा वाचक १९ वर्षांचा आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकतो. बुद्धिबळातलं त्याचं रेटिंग १५१२. मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरला एका खुल्या स्पर्धेच्या पाचव्या फेरीत त्याच्यासमोर १९४८ रेटिंगचे, पन्नाशी ओलांडलेले खेळाडू आले. ते मुलांना बुद्धिबळ शिकवतात, सगळे त्यांना 'सर' म्हणतात. ३१ चाली झाल्या तेव्हा याच्याकडे दोन हत्ती, सरांकडे एक हत्ती आणि एक उंट, वर याचं एक प्यादं जास्त. घड्याळात याची ११ मिनिटं, सरांची ४. याची चाल चालू असताना सर हळूच म्हणाले, "चांगला खेळलास. बरोबरी घेऊ." याने लगेच हात मिळवला. रात्री मोबाइलवर इंजिन, म्हणजे डाव तपासणारा प्रोग्रॅम, लावलं तर डाव सरळ जिंकलेला. पुढच्या दोन्ही फेऱ्या तो हरला. घरी पोचेपर्यंत वडिलांनी गावात पेढे वाटले होते: 'पोरानं मोठ्या खेळाडूला अडवलं.' मित्र मात्र विचारतो, "हातातला डाव कामून सोडला बे? दिव्या देशमुखनं सोडला असता का?" याचे प्रश्न: मी भित्रा आहे का? सरांनी मला फसवलं का? खुल्या स्पर्धा सोडून फक्त १६०० च्या आतल्या स्पर्धा खेळू का? आणि वडिलांना खरं सांगू का?

प्रिय मुला,

स्कोअरशीटचा, म्हणजे चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो पाठवलास ते फार बरं केलंस. उत्तर लिहायला बसण्याआधी मी पट काढला आणि तुझा डाव पहिल्या चालीपासून मांडला. पंचविसाव्या चालीपर्यंत मला एक वेगळाच मुलगा दिसला. प्यादी पुढे रेटणारा, घोडा त्यांच्या अंगणात नेऊन बसवणारा. २६व्या चालीला घोड्याने दुहेरी मारा करून तू हत्ती टिपलास, बदल्यात घोडा दिलास. सुरेख होतं ते. मग पुढच्या पाच चाली बघ. हत्ती मागे. राजा कोपऱ्यात. दुसरा हत्तीही मागे. काहीच अंगावर येत नसताना प्यादं एक घर सरकवून दार लावलंस. तू लिहितोस की ३१व्या चालीला तुझ्याकडून चूक झाली. मला वाटतं, बरोबरी तू २७व्या चालीपासूनच मनात मागत होतास. सरांनी ती फक्त बोलून दाखवली.

असं का झालं असावं? हरलो तरी कुणी काही म्हणणार नाही, हे पंचविसाव्या चालीपर्यंत तुला माहीत होतं. १५१२ वाला १९४८ वाल्याशी हरतो, त्यात नवल काय. त्या मोकळेपणात तू खेळलास. हत्ती हातात आला आणि आता गमावण्यासारखं काहीतरी आपल्याकडे आलं, ही जाणीव पहिल्यांदा झाली. कमी ताकदीच्या खेळाडूला हा क्षण सगळ्यात अवघड जातो, डाव वाईट असतानाच्या क्षणांपेक्षाही. अनेक वर्षं मी शाळेत गणित शिकवलं आणि सुट्ट्यांमध्ये स्पर्धांना पंच म्हणून उभी राहिले. जिंकत आलेली मुलं मला दुरून ओळखू यायची. ती समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायला लागायची.

तुझ्या पत्रात एक वाक्य तीन वेळा आलंय: 'एवढे मोठे खेळाडू आहेत, त्यांना काहीतरी दिसलं असणार.' याच्याजवळ जरा थांबू.

१९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला गॅरी कास्पारोव आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाशी सामना खेळत होता. ४ मे रोजी दुसऱ्या डावात तो दबावाखाली होता आणि संगणकाच्या ४५व्या चालीनंतर त्याने डाव सोडून दिला. नंतर त्याच्याच सहकाऱ्यांना त्या शेवटच्या स्थितीत निरंतर शह देत बरोबरी साधायची वाट सापडली. दुसऱ्या दिवशी हे ऐकून तो हादरला. त्याने ती वाट नीट शोधलीच नव्हती, कारण इतकं भक्कम खेळलेल्या यंत्राने असं दार उघडं ठेवलं असेल, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं. तो सामना तो अडीच विरुद्ध साडेतीन गुणांनी हरला. जगातला सगळ्यात बलाढ्य खेळाडू समोरच्यावर इतका विश्वास टाकून बसला, तर परभणीच्या १९ वर्षांच्या मुलाने तेच केलं म्हणून त्याला भित्रा कसं म्हणू? पण 'त्यांना दिसलं असणार' हा कसा सापळा आहे, तेही त्यातूनच कळतं. सरांना काय दिसत होतं, मी सांगते. आपल्याकडे दुसऱ्या हत्तीऐवजी उंट आहे, एक प्यादं कमी आहे आणि घड्याळात चार मिनिटं उरलीत, हे त्यांना दिसत होतं.

आता त्या १९४८ आणि १५१२ बद्दल. आपल्या भागात आकड्यावरून माणूस ओळखायची सवय फार खोल गेली आहे. दहावीचे टक्के, नीटचे गुण, लातूरला कुठल्या क्लासला नंबर लागला. मूल घरात पाऊल टाकायच्या आधी त्याचा आकडा घरात पोचलेला असतो. रेटिंगही आपण तसंच वाचतो, जणू ती पत्रिकाच आहे. खरं तर हे गणित भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बसवलं आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, ते १९७० मध्ये स्वीकारलं. ते फक्त एवढंच सांगतं: असे शंभर डाव झाले तर किती गुण कुणाच्या वाट्याला येतील. रेटिंगमध्ये चारशेचं अंतर असेल तर जास्त रेटिंगवाल्याच्या वाट्याला साधारण ९२ आणि तुझ्या वाट्याला ८. पण ८ म्हणजे शून्य नाही. तो डाव त्या आठांतला होता, आणि पटावर तसं स्पष्ट दिसत होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे आकड्याचा धाक थोडा कमी होईल. १ मार्च २०२४ ला फिडेने २००० च्या खालची सगळी रेटिंग एका सूत्राने वाढवली. २००० पर्यंत जितकं अंतर, त्याच्या ४० टक्के गुण मिळाले. आदल्या दिवशी ११८७ असलेला खेळाडू सकाळी उठला तेव्हा १५१२ झाला होता. एकही चाल न खेळता. हत्तीची चाल त्याला आदल्या दिवशी जेवढी कळत होती तेवढीच त्या दिवशीही कळत होती.

थोडं गणित कर माझ्यासोबत, कागद घे. तुम्हा दोघांचाही रेटिंगचा गुणक २० धरू. तीस डाव पूर्ण केलेल्या तुझ्या वयाच्या खेळाडूला तोच लागतो. चारशेपेक्षा जास्त अंतर चारशेच मोजतात. म्हणजे एका डावात तुझ्याकडून अपेक्षा ०.०८ गुणाची. प्रत्यक्ष मिळालेल्या गुणातून ती वजा करायची आणि २० ने गुणायचं. म्हणून बरोबरीने तुला ८.४ गुण मिळाले आणि सरांचे तेवढेच गेले. जिंकला असतास तर १८.४ मिळाले असते. हरला असतास तर १.६ गेले असते. आता बरोबरीच्या प्रस्तावापासून मोज. पुढे खेळून जिंकलास तर दहा जास्त, हरलास तर दहा कमी. दोन्हीकडे दहाच. म्हणजे प्रस्ताव आला त्या क्षणी रेटिंगमधलं अंतर या हिशोबातून गळून पडतं. प्रश्न एकच उरतो: इथून पुढे मी जिंकण्याची शक्यता जास्त आहे की हरण्याची? समोरचा ताकदवान असेल तर तो तुझ्या चुका लवकर पकडेल, म्हणून ताकदीला थोडं वजन द्यायचं, ते खरंच. पण त्यांच्या उंटासमोर तुझा हत्ती, एक प्यादं जास्त, वर घड्याळही तुझ्या बाजूने, हे त्यापेक्षा बरंच जड आहे. आणि सरांसारखा अनुभवी माणूस ८.४ गुण आपणहून सोडायला तयार झाला, ही बातमीच होती. ती तू ऐकायला हवी होतीस.

तुझ्या वाक्यांमागे मला अजून काहीतरी दिसतंय. 'सर' म्हणाले, आणि सरांचा शब्द कसा मोडायचा. आपल्या घरांमध्ये हे असंच शिकवतात आणि ते शिकवणं मला वाईट वाटत नाही. पण पटापाशी आदर दाखवायची रीत निराळी आहे. डावाआधी हात मिळवायचा, डाव संपल्यावर मिळवायचा, आणि मधल्या वेळात आपल्याला सापडेल ती सगळ्यात चांगली चाल खेळायची. मोठ्या माणसासमोर हातचं राखून खेळणं हा त्यांचा मान नव्हे.

हे मला फार उशिरा कळलं. १९८० च्या दशकात मी अंबाजोगाईला कॉलेजात होते. रोहिणी खाडिलकर १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या होत्या, त्यावरून केवढा वाद झाला होता, ते आम्ही मुली एकमेकींना सांगायचो. तोंडाने धीट होतो. एका स्पर्धेत माझी गाठ एका वडीलधाऱ्या प्राध्यापकांशी पडली. माझा वजीर त्यांच्या राजाजवळ पोचला होता, दोन-तीन चालींत मात होती. सगळे भोवती उभे. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि मला ते बघवेना. मीच बरोबरी मागितली. ते काही न बोलता उठून गेले. कित्येक दिवस मला वाटत राहिलं की मी त्यांचा मान राखला. बऱ्याच वर्षांनी त्यांनीच मला सांगितलं की त्या दिवशी त्यांना हरल्यापेक्षा जास्त लागलं होतं. आपल्यावर दया केली गेली, असं त्यांना वाटलं होतं. मी हे कधी विसरले नाही.

सरांनी फसवलं का? माझ्या मते नाही. हरत आलेल्या डावात बरोबरी मागायला नियमाची आडकाठी नाही, आणि डाव वाचवायचा प्रयत्न करणं हा प्रत्येक खेळाडूचा हक्क आहे. एक गोष्ट मात्र रीतीला धरून झाली नाही. प्रस्ताव द्यायचा तो आपली चाल पटावर केल्यावर आणि घड्याळ दाबण्याआधी. तुझी वेळ चालू असताना त्यांनी तो दिला. तसा दिलेला प्रस्तावही ग्राह्य असतो, पण समोरच्याचा विचार मोडला म्हणून पंचांकडे तक्रार करता येते. तू करायला हवी होतीस असं मी म्हणत नाही, एकदाच आणि हळू आवाजात विचारलेल्याबद्दल तर नाहीच. पण कुणी पुन्हा पुन्हा विचारू लागलं तर घड्याळ थांबवून पंचांना बोलव. त्यात भांडण नाही, पंच त्यासाठीच असतात.

तुला आणि तुझ्यासारख्या बऱ्याच मुलांना ठाऊक नसतो तो नियम वेगळाच आहे. प्रस्ताव आला की लगेच उत्तर द्यावं लागत नाही. देणाऱ्याला तो परत घेता येत नाही. तू तोंडाने नाही म्हणेपर्यंत किंवा खेळायच्या इराद्याने सोंगटीला हात लावेपर्यंत तो टेबलावर तसाच असतो. तुझ्याकडे ११ मिनिटं होती. त्यातली पाच तू बिनधास्त खर्चू शकत होतास, खिशात अर्धा गुण ठेवून. पुढच्या वेळी हात मांडीखाली घेऊन बस. स्कोअरशीटवर त्यांच्या चालीपुढे बरोबरचं चिन्ह टाक, तशी नोंद करायचीच असते, आणि तेवढ्यात श्वास खाली बसतो. मग मनातल्या मनात दोघांची नावं झाकून पट बघ. ही स्थिती तुझ्या वर्गमित्राविरुद्ध असती तर काय केलं असतंस? तेच कर. चांगली चाल सापडली, तिच्यात धोका नाही असं दिसलं, तर ती खेळ. नकार देताना वेगळं काही बोलायची गरज नाही, सोंगटी उचलली की नकार झाला. आणि पाच मिनिटं बघूनही काही उमगत नसेल, डोकं शिणलं असेल, घड्याळ अंगावर येत असेल, तर बरोबरी घे. तीही विचार करून घेतलेली बरोबरी असेल.

तुझ्या त्या डावात चाल होती, तीही साधी. हत्तींची एक जोडी मारामारीत काढून टाकायची. मग तुझा एक हत्ती, त्यांचा एक उंट, आणि प्यादं तुझं जास्त. उंट एकाच रंगाच्या घरांवर फिरतो, हत्तीला सगळा पट मोकळा. आपल्याकडे माल जास्त असेल तर मोहऱ्यांची अदलाबदल करायची, प्यादी मात्र जपायची, हे जुनं शहाणपण आहे. तुझा हत्ती मागे नेण्याऐवजी मोकळ्या सी पट्टीत, म्हणजे पटाच्या तिसऱ्या उभ्या ओळीत, आणला असतास तर सरांना अदलाबदल टाळता आली नसती. इंजिन काय म्हणतं ते बाजूला ठेव. त्याला समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस दिसत नाही, आणि रात्री अकराला मोबाइलवर दिसलेला आकडा दुपारी चारला तुझ्याकडे नव्हता. आधी स्वतः डाव मांड, आपल्याला काय वाटत होतं ते चालीशेजारी पेन्सिलने लिही, इंजिन त्यानंतर लाव. स्पर्धा संपेपर्यंत तर लावूच नकोस. सहाव्या आणि सातव्या फेरीत तू पाचव्या फेरीचाच पट घेऊन बसला होतास. त्या दोन हारांचं दुसरं कारण मला सापडलं नाही, चाली बघितल्या मी. दोन फेऱ्यांमध्ये काहीतरी खा, बाहेर चक्कर मार, पोरांच्या घोळक्यात डाव उगाळू नकोस.

तुझ्या मित्राला एक माहिती दे. दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिलांच्या विश्वचषकात उतरली तेव्हा तिचं मानांकन पंधरावं होतं. आपल्या शेजारच्या नागपूरची मुलगी, तेव्हा वय १९, तुझ्याएवढंच. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी. पहिले तीनही डाव बरोबरीत सुटले, दोन पारंपरिक आणि एक जलद. चौथा तिने जिंकला आणि विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही मिळवला. बरोबरी घेतल्याने कुणी भित्रं ठरत नाही. ती पटाकडे बघून घेतली की माणसाकडे बघून, एवढंच स्वतःला विचारायचं.

खुल्या स्पर्धा सोडू नकोस. स्विस पद्धतीत पहिल्या फेरीला यादीचा वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, नंतर सारखे गुण असलेले एकमेकांसमोर येतात. म्हणून एकाच स्पर्धेत तुला १९०० वालाही भेटतो आणि तुझ्याहून कच्चा खेळाडूही. हे शिक्षण दुसरीकडे मिळत नाही. पण १६०० च्या आतल्या स्पर्धांना कमी लेखू नकोस. तिथे बरेचदा तूच वरचढ असशील आणि समोर दहा वर्षांची एखादी मुलगी पाय लोंबकळत बसलेली असेल. जिंकत आलेला डाव जिंकून दाखवायची सवय, जी २७व्या चालीला कमी पडली, ती तिथे लागते. शिवाय सर त्या दिवशी ज्या खुर्चीत होते त्या खुर्चीतून पट कसा दिसतो, तेही तिथे कळेल. घरचं सोयाबीनवर चालतं असं लिहिलंस, म्हणून प्रवेश फी, प्रवास, मुक्काम यांचा वर्षाचा हिशोब वडिलांसोबत बसून आधीच मांड. नांदेड, लातूर, संभाजीनगर, जिथे रेल्वेने जाऊन येता येतं तिथल्या स्पर्धा निवड. दोन खुल्या झाल्या की एक १६०० च्या आतली, असं मी केलं असतं. वर्षाला चारच जमल्या तर चार. प्रत्येक स्पर्धेनंतर महिनाभर त्याच डावांचा अभ्यास कर. दर पंधरा दिवसांनी कुठेतरी धावत जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि उपयोगही जास्त होतो.

राहिले पेढे. तुला वाटतं वडिलांचा आनंद खोटा आहे आणि त्याला तू कारण आहेस. त्यांनी काय म्हणून पेढे वाटले ते पुन्हा वाच: पोरानं मोठ्या खेळाडूला अडवलं. अडवलंसच की. त्यात एक शब्द खोटा नाही. पण मनात ठेवून तुला झोप येत नसेल तर सांग, फक्त कबुली दिल्यासारखं नको. पत्रात ओझरतं लिहिलंस की आजोबा पारावर देशी बुद्धिबळ खेळायचे, पहिल्या चालीला प्यादं एकच घर चालवायचे आणि राजाला एकदा घोड्याची चाल द्यायचे. म्हणजे घरात पट आहे, आणि वडील ते बघतच मोठे झालेत. एखाद्या संध्याकाळी ३१व्या चालीची स्थिती त्या पटावर मांड. वडिलांना सरांच्या बाजूला बसव, तू तुझ्या बाजूला बस आणि तिथून पुढे खेळ, हत्ती सी पट्टीत आणून. चार-सहा दिवस रोज खेळा. आजोबांना वडिलांच्या बाजूने सल्ला द्यायला बसव.

आणि सर पुन्हा कुठल्या स्पर्धेत भेटतीलच. डाव झाल्यावर दोघांनी बसून तो पुन्हा बघायची पद्धत या खेळात पूर्वीपासून आहे, तुम्हा दोघांची ती राहून गेली. स्कोअरशीट जवळ ठेव. फेऱ्या संपल्या की त्यांच्याकडे जा, नमस्कार कर आणि विचार, "सर, त्या वेळी तुम्हाला काय दिसत होतं?" ते सांगतील. मुलांना शिकवणारा माणूस असा प्रश्न सहसा टाळत नाही. काय म्हणाले ते मला कळव, आणि सी पट्टीतल्या हत्तीला त्यांच्याकडे काय उत्तर होतं तेही. मी पट अजून आवरलेला नाही.